बिनसायलेन्सरची खंडेनवमी

सन २०१८. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि माझं म्हणणं असं होतं की माझ्या गाडीइतकी चांगली गाडी किला गेटच्या आमच्या गल्लीत दुसरी नाही. आजही तेच म्हणणं आहे.

शाळा मी चौथीत सोडली, पण इंजिन मला वाचता येतं. मुरारला चाळीस वर्षं ट्रकांखाली पडून काढली. आमचे पूर्वज दक्षिणेतून इकडे उत्तरेत तलवार घेऊन आले, माझ्या हातात पाना आला. म्हणून खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर पणजोबांची तलवार आणि तिच्या शेजारी माझे पाने मांडतात. एकदा हत्यारं पाटावर बसली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. आपल्याच काय, कुणाच्याच हत्याराला नाही. आणि पहिलं कुंकू लावायचं ते घरच्या थोरल्या लेकीनं, म्हणजे माझ्या ताईनं. ताई तेव्हा एकोणऐंशीची, थाटीपुरला मुलाकडे राहायची. दर वर्षी तिला मीच माझ्या गाडीतून आणायचो.

त्या वर्षी भाच्याची पुण्याला बदली झाली होती. दसरा झाला की चार दिवसांत बिऱ्हाड हलणार. ताई आमच्या पाटापुढे बसणार ती बहुतेक शेवटची. ती दुसऱ्या कुणाच्या गाडीतून यावी, हे मला मान्य नव्हतं.

आणि नेमका अष्टमीला सायलेन्सर फुटला. पाइपासकट काढून वेल्डिंगला दिला. संध्याकाळी बायकोनं विचारलं, "पाने सगळे मांडू? का एखादा लागणारे?"

मी ऐटीत म्हटलं, "सगळे मांड. अर्धी पूजा आपल्याकडे होत नाही."

दिवेलागणीनंतर वेल्डरनं पाइप आणून दिला, तेव्हा तो बसवायला लागणारा तेरा नंबरचा पाना झेंडूच्या फुलाखाली जाऊन बसला होता. बायकोनं हसू दाबायला पदर तोंडाशी धरला.

सकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, टॅक्सी बुलवतो ना. आत्या आरामात येईल."

"ताई माझ्याच गाडीतून येईल."

"पण गाडीला पाइप कुठंय?"

"पाइपाशिवाय इंजिन चालतं. उलट मोकळं होऊन जास्त ओढतं."

हे मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो होतो. चावी फिरवली.

इंजिनाच्या चार नळ्या जिथं एका तोंडात येतात, तिथूनच सगळा आवाज सरळ बाहेर पडला. समोरच्या खिडकीच्या काचा थरथरल्या. आवाज किल्ल्याच्या कड्यावर आपटून परत आला आणि पारव्यांचा थवाच्या थवा उडाला. शेजारी अर्ध्या गालाला साबण लावून बाहेर आला. "चाचा, हवाई जहाज ले लिया क्या?" मी नुसता हॉर्न दिला. तो कुणाला ऐकूच गेला नाही.

पडावच्या पुलाच्या चढावर मात्र माझी चाळीस वर्षांची शेखी उतरली. जोरात पळवली तर गाडी ठीक, पण हळू झाली की ओढच नाही. ओरडत होती वाघासारखी, चढत होती म्हशीसारखी. एक ई-रिक्षा मला मागं टाकून गेली, आतल्या बाई कानात बोटं घालून मागं वळून बघत होत्या. उतारावर पाय उचलला तर पायाखालीच फटाके, फट्, फट्. जळका धूर खालच्या भोकांतून आत येऊ लागला, डोळे झोंबले. चारी काचा खाली केल्या. सायलेन्सर नुसता आवाज दाबायला नसतो, तो विषारी धूर माणसापासून लांब मागं नेतो. हे मी दुसऱ्यांना कितीदा सांगितलं असेल, स्वतः त्या दिवशी ऐकलं.

थाटीपुरला पोचलो तर अख्खी सरकारी वस्ती गॅलऱ्यांत उभी. भाचा धावत खाली आला.

"मामा, हे काय आणलंत? थांबा, मी कॅब बोलावतो."

मी उत्तर देणार, तेवढ्यात जिन्यावर ताई दिसली. आता सांगायला हवं, ताईला सहा वर्षांपासून जवळजवळ ऐकू येत नव्हतं. कानातलं मशीन टोचतं म्हणून ती ते डब्यात ठेवायची. मी आलोय हे दर वर्षी भाचा तिला खांदा हलवून सांगायचा. त्या दिवशी ती एकटी, कठडा धरून, नवं लुगडं नेसून खाली आली होती.

"ऐकलं मी!" ती ओरडली.

"काय ऐकलंस?"

"तुझी गाडी! वळणावरूनच ऐकली! सहा वर्षं मला वाटायचं, तू ढकलत आणतोस की काय!"

भाचा तिच्या कानाशी ओरडला, "आई, कान जातील तुझे!"

"गेलेत ते. आता आणखी कुठं जायचेत?"

आणि ती पुढच्या सीटवर जाऊन बसली. भाचा नाकाला रुमाल लावून मागं.

परतताना दवाखान्याच्या भिंतीशी हवालदारानं हात दाखवला. "बाबूजी, बंद करो! अंदर मरीज़ हैं।" त्याचं बरोबर होतं. जाताना मी तिथूनच तसाच गरजत गेलो होतो, त्याची लाज वाटली. इंजिन बंद केलं. भिंत संपेपर्यंत ढकलत न्यायचं ठरलं. मी स्टिअरिंगला, भाचा मागं, त्याच्या शेजारी दोन फळवाले, आणि शेवटी हवालदारानंही हात लावला. ताई आत राणीसारखी बसून मला विचारत होती, "बंद का केलीस? पेट्रोल संपलं?"

भिंत संपल्यावर पुन्हा चावी फिरवली तेव्हा तिनं टाळी वाजवली.

बाराच्या आत घरी पोचलो. ताईनं तलवारीला कुंकू लावलं, मग एकेका पान्याला. जेवताना माझे कान असे सुन्न झाले होते की मी "वरण वाढ" म्हटलं ते गल्लीत ऐकू गेलं. सगळे हसले. ताईनं माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. "आता कळलं ना, मला कसं होतं ते?" मग पुरणपोळी मोडता मोडता म्हणाली, "उद्या पाइप लावणार?"

"लावावाच लागेल गं."

ती मान हलवून जेवू लागली. रात्री ती आमच्याकडेच राहिली.

दसऱ्याच्या सकाळी आरती झाल्यावर मी पाटावरून तेरा नंबरचा पाना उचलला आणि खिशात ठेवला. मग आयुष्यात कुणापुढे वाकलो नाही तो मी गल्लीत घरोघरी गेलो आणि म्हटलं, दोन मिनिटं सोसा. ताईला पुढच्या सीटवर बसवलं, काचा खाली केल्या, चावी फिरवली. तिनं दोन्ही तळवे डॅशबोर्डवर ठेवले आणि डोळे मिटले. घड्याळात दोन मिनिटं झाली तशी बंद केली. नळ्या गार होईपर्यंत आम्ही दोघांनी ओट्यावर चहा घेतला, आणि मी पाइप घेऊन गाडीखाली शिरलो.