पिवळा चिमटा, हिरवा चिमटा

आमच्या वरच्या मजल्यावर दिवस कधी उजाडतो, हे मला घड्याळाआधी छत सांगतं. साडेपाचला खुर्ची सरकते, नळ सुटतो आणि मग अनवाणी, सावकाश पावलं: खिडकी ते ओटा, ओटा ते खिडकी. ती पावलं पाच महिन्यांच्या जुळ्या मुलींच्या वडिलांची. मी त्यांना भाऊजी म्हणते.

बायको दवाखान्यात नर्स, सहाला घराबाहेर. भाऊजी कापडाच्या कारखान्यात एकटे आठ माग सांभाळायचे. जुळ्या झाल्या तेव्हा घरी कुणी राहायचं, हे दोघांनी ठरवलं आणि भाऊजी राहिले. सगळी इमारत हसली. "बाप्या माणूस, आणि दुपटी वाळत घालतोय!" खोटं कशाला बोलू, मीही हसले होते.

पण एके दिवशी दोन्ही बाळं एकाच वेळी झोपली आणि त्यांच्याबरोबर बसल्या जागी भाऊजींचाही डोळा लागला. चार वर्षांची थोरली बालवाडीच्या पायरीवर मांडीत पाण्याची बाटली घेऊन चाळीस मिनिटं बसून होती. बाईंनीच तिला घरी आणलं. रडली नाही. एवढंच विचारलं, "बाबा, मला विसरलात?"

हे तिच्या मावशीच्या कानावर गेलं. बायकोची ही थोरली बहीण दुसऱ्या गावात राहते. तीन मुलं वाढवलेली, शब्दाला धार. तिने फोनवरच निकाल दिला. "पोरीला माझ्याकडे पाठवा. जुळ्या वर्षाच्या झाल्या की परत न्या. शनिवारी येते मी."

शुक्रवारी जिन्यात भाऊजींनी मला गाठलं. हातात बादली, नजर बादलीत. "वहिनी, उद्या सकाळी वर येता? काही करू नका, नुसत्या बसा. त्यांच्यापुढे माझं तोंडच उघडत नाही."

मी गेले तेव्हा थोरलीला बालवाडीत सोडून झालं होतं. मावशी खुर्चीत, पायाशी रिकामी पिशवी, थोरलीचे कपडे भरायला आणलेली.

मी बसून पाहू लागले. खिडकीच्या गजांना एक दोरी बांधलेली, तिच्यावर दोन चिमटे. पिवळा तुरतुरीचा, हिरवा निवांतचा. जुळ्यांची घरातली नावं ही. अंगातली झबलीही त्याच रंगांची, कारण दोघी इतक्या सारख्या की आईसुद्धा चुकते. बाळ प्यायलं की चिमटा डावीकडे जायचा, तीन तासांनी पुन्हा उजवीकडे. एका मांडीवर ढेकर, दुसऱ्या पायाने पाळण्याला झोका, हातात घडी होत असलेलं दुपटं. आणि त्या माणसाच्या हालचालीत घाई म्हणून नाही! एकदा पाठमोरे असतानाच म्हणाले, "निवांत उठेल आता." मी पाळण्यात डोकावले. गाढ झोपलेली. मी दहापर्यंत मोजते न मोजते तोच तिने डोळे उघडले.

"कसं कळलं हो?"

"धागा तुटायच्या आधी मागाचा आवाज बदलतो, वहिनी. हिचा श्वास बदलतो."

मावशीने नाक मुरडलं. "आम्ही काय श्वास मोजत पोरं वाढवली?"

पावणेबाराला भाऊजींनी चपला घातल्या. एरवी ते दोघींना अंगाला बांधून नेतात, एक पुढे, एक पाठीवर. मावशी म्हणाली, "तुम्ही कशाला? मी आणते थोरलीला."

"नको ताई. दारात तिला मीच दिसायला हवा." आवाज हळू होता, पण तोंड उघडलं होतं. "तुम्ही दोघी आहात तर आज जुळ्या घरीच राहू देत. तुरतुरीची वेळ झालीय. बाटली ओट्यावर, निवांतची तिच्याच शेजारी."

दार लागलं आणि दोन्ही बाळांनी एकदम सूर लावला. मावशीने एकीला पाजलं, चिमटा सरकवला. तेवढ्यात त्या बाळाने तिच्या साडीवर आणि शेजारच्या बहिणीवर अर्धी बाटली परत केली. मी दोघींची झबली काढली, ढिगातून हाताला लागली ती चढवली. मग मावशीने दुसरी बाटली घेतली.

"हिरवी कोण?"

"ही हिरव्यात आहे की!"

"मघाची नाही ना?"

"छे, मघाची पिवळ्यात होती."

मावशीने हिरवीला दुसरी बाटली पाजली, तरी ती किंचाळतच होती, पिवळी त्याहून मोठ्याने. मावशीचा अंबाडा सुटला. दोन बायका, मिळून पाच मुलं वाढवलेल्या, आणि वीस मिनिटांत आमचा पार भुगा.

भाऊजी थोरलीचा हात धरून दारात आले आणि चप्पल न काढताच थबकले. ऐकत राहिले.

"तुरतुरीला दोनदा पाजलंत," ते म्हणाले, "आणि निवांत उपाशी आहे."

मावशी हातातल्या हिरव्या झबल्यातल्या बाळाकडे बघत राहिली. भाऊजींनी निवांतला उचललं, नवी बाटली केली, झबल्यांची अदलाबदल केली. पंधरा मिनिटांत घर शांत झालं.

मग ते जाऊन उंबऱ्यात बसले. थोरली शेजारी बसली, जणू तिथे तिची जागा कोरलेलीच होती. बालवाडीत कुणी कुणाचा खडू खाल्ला, ते सांगू लागली. मागे तुरतुरीने पुन्हा सूर लावला. भाऊजी हलले नाहीत.

"अहो, रडतेय ती!" मावशी म्हणाली.

"पोट गच्च झालंय म्हणून कुरकुरतेय. ही दहा मिनिटं रोज या थोरल्या ताईसाहेबांची असतात. अजून चार उरलीत."

थोरलीने मागे वळून मावशीकडे पाहिलं. "मावशी, तिला खांद्यावर घे. पोटावर नको. आणि हळू चाल, बाबांसारखी."

मावशी उठली. बाळ खांद्यावर घेऊन ती खिडकीपासून ओट्यापर्यंत चालू लागली, ओट्यापासून खिडकीपर्यंत. तिसऱ्या फेरीला ढेकर आली. मावशीने चेहरा वळवला, पण तिच्या ओठांवरचं हसू मला दिसलंच.

"खडूचं पुढे काय झालं गं?" तिने उंबऱ्याकडे विचारलं.

संध्याकाळच्या गाडीने मावशी एकटी गेली. जाताना रिकामी पिशवी मागेच ठेवली. ती पिशवी अजून वरच्या घरी दारामागे खिळ्याला लटकते: चार दुपटी, दोन झबली आणि एक पाण्याची बाटली, पावणेबाराला निघण्यासाठी तयार.