कॅरिअरवरची धोंडुबाई

कृष्णात माझा चुलतभाऊ, माझ्याहून लहान. त्याच्यापायी मी सांगलीच्या कोर्टात जामीन राहिलो आहे, तेव्हा त्याच्याबद्दल वाटेल ते बोलायचा मला हक्क आहे असं मी समजतो. माणूस वाईट नव्हता. उसाला पाणी पाजण्यात त्याचा हात धरणारा आमच्या भागात कोणी नव्हता. आईला कधी उलटून बोलला नाही, बायकोवर कधी हात टाकला नाही. फक्त शनिवारी प्यायचा. पण शनिवार मेला दर आठवड्याला यायचा.

आमचं गाव सांगलीपासून चार कोसांवर, तासगावच्या वाटेला. सांगली तेव्हा संस्थानात होती आणि आम्ही इंग्रजी मुलखात, सातारा जिल्ह्यात. शनिवारच्या बाजाराला कृष्णातची बायको धोंडुबाई अंडी आणि लोणी घेऊन जायची. नवरा पुढे घोडीवर आणि बायको डोक्यावर पाटी घेऊन मागून चालत, अशी त्यांची वरात निघायची. बाजार उरकला की कृष्णात गुत्त्यात शिरायचा, बाहेर आला की घोडीवर चढून झोपायचा, आणि घोडी त्याला बरोबर दारात आणून उभी करायची. दोघांपैकी घोडी शुद्धीत असायची, म्हणून निभावत होतं. हे कृष्णातच्या ध्यानात कधी आलं नाही.

दुसरी मोठी लढाई संपली त्या साली घोडी म्हातारी होऊन मेली. पुढच्याच शनिवारी कृष्णात गुत्त्यातून बाहेर आला तर चढायला काही नाही. हळदीच्या पेठेतला एक कारकून गाव सोडून पुण्याला निघाला होता आणि आपली जुनी सायकल विकायला रस्त्यात उभा होता. कृष्णातने ती तिथल्या तिथे घेतली, टांग टाकली आणि निघाला. जन्मात त्याने सायकलला हात लावला नव्हता. आम्ही पारावर बसलो होतो तेव्हा तो गाणं म्हणत आला, आमच्यासमोरून गेला आणि आपल्या गोठ्याच्या कुडात घुसून थांबला, कारण ब्रेक कुठे असतो ते कारकुनाने सांगितलं नव्हतं.

गावाने त्याचं कौतुक केलं. मीही केलं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सायकल बाहेर काढली आणि चढायला गेला तो सरळ पलीकडे पडला. पुन्हा चढला, पुन्हा पडला. दुपारपर्यंत त्याच्या दोन्ही ढोपरांची सालटी निघाली. मी मागून सीट धरून पळालो, तर अंग असं ताठ करून बसला की सायकल आणि तो मिळून एकच लाकूड झालं. चाकाकडे बघायचा, घाबरायचा आणि पडायचा. संध्याकाळी कुणीतरी चेष्टेने त्याला थोडी पाजली. तो उठला, सायकलवर बसला आणि गावाला वेढा घालून आला.

म्हणजे गोम अशी होती की सायकल तो प्यालेल्या अंगाने शिकला होता आणि शुद्धीतल्या अंगाला ती येत नव्हती. मी त्याला पुष्कळ शिव्या दिल्या. शिव्यांनी सायकल येत नाही.

धोंडुबाईला गुडघ्याचा त्रास होता. पाटी डोक्यावर घेऊन चार कोस जायचं आणि यायचं तिच्या जिवावर यायचं. सायकलच्या कॅरिअरवर बसून बाजार होतो म्हटल्यावर तिने फार विचार केला नाही. शनिवारी सकाळी ती स्वतः नवऱ्याला अर्धं फुलपात्र दारू मोजून द्यायची. अर्ध्याला कमी पडलं तर सायकल डावीकडे ओढायची आणि जास्त झालं तर कृष्णात लावणी म्हणायला लागायचा. मग ती अंड्यांची पाटी मांडीवर घेऊन, भुसा नीट दाबून, मागे बसायची. येताना मात्र माप तिच्या हातात नसायचं. येताना तो सायकल कुठे नेईल ते त्यालाही ठाऊक नसायचं. तो डावीकडे कलला की ही उजवीकडे अंग टाकायची, तो उजवीकडे गेला की ही डावीकडे. असं करत करत घर यायचं.

सांगलीबाहेर पडताना जकात नाका होता, त्याला आडवा बांबू. कृष्णात त्या बांबूला नेमाने धडकायचा. नाक्यावर सयाजी नावाचे हवालदार असत. त्यांनी बरेच दिवस सोसलं. मग एका शनिवारी बांबूच मोडला, आणि त्यांनी कृष्णातला धरलं. दारू पिऊन सरकारी रस्त्यावर सायकल चालवणे, दिवा नसणे आणि बांबू मोडणे असा गुन्हा झाला. दिव्याचं म्हणाल तर रॉकेल रेशनवर होतं, ते चुलीपाशीच पुरत नव्हतं. पण कोर्टात असं म्हणून चालत नाही.

तारखेला मी दोघांना चालवत नेलं. कोर्टात शुद्धीत उभं राहायचं, अशी सक्त ताकीद दिली होती. तो शुद्धीत उभा राहिला आणि तिथेच सगळं बिघडलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, पिऊन सायकल का चालवलीस? कृष्णातने हात जोडून खरं ते सांगितलं.

"न पिता मला सायकल येत न्हाई, साहेब."

साहेबांना वाटलं हा कोर्टाची थट्टा करतो. त्यांनी पुरावा म्हणून ठेवलेली सायकल आवारात आणायला लावली आणि म्हणाले, चालवून दाखव. सगळं कोर्ट बाहेर आलं. कृष्णात चढला, सायकल दोन वकिलांच्या मधून गेली, पक्षकारांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या रांजणावर आपटली आणि रांजण फुटला. साहेब धोतर झटकत आत गेले. शिरस्तेदाराने रांजणाचीही नोंद करून घेतली.

मग धोंडुबाईला उभं केलं. याला दारू कोण देतं, असं साहेबांनी विचारलं. ती म्हणाली, सकाळची मी पाजती, दुपारची त्येंची ते पितात. साहेबांनी पुस्तक उघडलं, बराच वेळ पानं चाळली आणि मिटलं. बायकोने नवऱ्याला सायकल चालवण्यापुरती पाजली तर काय करावं ते त्यात बहुधा नव्हतं. शेवटी त्यांनी पुस्तक बाजूला सारून साध्या आवाजात विचारलं, बाई, अशा माणसाच्या मागं बसताना तुम्हाला भीती वाटत नाही का?

"वाटती की," धोंडुबाई म्हणाली. "डोळं झाकून बसती. वड्याचा उतार आला की देवाचं नाव घेती. पर बाजार कोण करंल?"

कोर्टात कुणी हसलं नाही. दंड झाला, नवा रांजण आणून द्यायचं ठरलं, आणि साहेबांनी बजावलं की पुन्हा पिऊन सायकलवर दिसलास तर तुरुंगात घालीन आणि सायकल जप्त करीन. त्याच्या चांगल्या वागणुकीला मी जामीन राहिलो. येताना सायकल मीच ढकलत आणली, कारण मालकाला ती हातात धरूनही नीट नेता येत नव्हती.

दोन शनिवार त्यांनी बाजार बुडवला. अंडी घरात साठली, निम्मी नासली. तिसऱ्या शनिवारी धोंडुबाई पाटी डोक्यावर घेऊन निघाली तर गुडघा धरून अर्ध्या वाटेवरून परत आली. त्याच्या पुढच्या शनिवारी फुलपात्र पुन्हा निघालं. येताना नाका चुकवायचा म्हणून कृष्णातने शेतातली गाडीवाट धरली. ओढ्याच्या उतारावर त्याचा डोळा लागला. सायकल दरडीवरून खाली गेली. पडता पडता धोंडुबाईने पाटी वर धरली, बाजारात न खपलेली अंडी होती तिच्यात. एकही अंडं फुटलं नाही. तिचा हात मनगटापाशी मोडला. कृष्णात वाळूत पडल्या पडल्या डोळे न उघडता म्हणाला, "आलं का घर?"

दुसऱ्या दिवशी हे ऐकल्यावर मी त्याच्या घरी जाऊन त्याच्या थोबाडीत मारली. चाळिशीला आलेल्या माणसाला मारलं याचं मला आजही काही वाटत नाही. ती डोक्यावर पडली असती तर? तो रडला, देवाची शपथ घेतली, आणि पुढच्या शनिवारी चालत सांगलीला जाऊन पिऊन आला. एवढं मात्र खरं की चालत आला.

हाडवैद्याने धोंडुबाईच्या हाताला बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. त्या सुटल्यावर एक दिवस ती दिसेना, म्हणून मी खळ्याकडे बघायला गेलो. लुगड्याचा कासोटा घट्ट खोचून बाई सायकलवर बसली होती आणि खळ्यात मधल्या तिवड्याच्या खांबाभोवती फिरत होती. पडली असेल एकदा-दोनदा, मला दिसली नाही. कॅरिअरवर बसून तोल सांभाळायचं काम ती आधीपासून करतच होती, आता फक्त पुढे येऊन बसली. गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आमची थोरली चुलती रंगुबाई म्हणाली की हे काही बाईमाणसाचं लक्षण नव्हे. धोंडुबाई तिच्यासमोरून घंटी वाजवत गेली.

पहिल्या शनिवारी ती पुढे आणि कृष्णात पाटी घेऊन मागे, अशी दोघं गेली. येताना तो पिऊन टर्र होऊन मागे बसला. नाक्यावर सयाजी हवालदारांनी बांबू आडवा टाकला. पिऊन सायकल चालवणे हा गुन्हा त्यांना तोंडपाठ होता. पण चालवणारी शुद्धीत होती आणि प्यालेला चालवत नव्हता. ते दोघांभोवती फिरले. धोंडुबाई म्हणाली, मागं माल हाय हवालदार, सोडा. नाक्याचा कारकून बाहेर येऊन म्हणाला की बाहेर जाणाऱ्या मालावर जकात नाही. मग हवालदारांनी बांबू उचलला.

पुढे अर्ध्या कोसावर माल पडला. धोंडुबाईला कळलंच नाही. सायकल हलकी लागायला लागली तेव्हा तिला वाटलं वारं फिरलं. कृष्णात भर रस्त्यात झोपला होता. मागून ऊस भरलेली बैलगाडी आली. गाडीवान जागा होता म्हणून आज कृष्णातची गोष्ट सांगता येते. दिवस मावळता मावळता तो नाक सोललेल्या तोंडाने घरी आला आणि बायकोला म्हणाला, पुढच्या खेपेला मला कॅरिअरला बांध.

पुढच्या शनिवारी बाजार आटोपल्यावर तो गुत्त्याकडे वळला तसं तिने त्याला हाक मारली. मी बरोबर होतो, मला बैलाचं सामान घ्यायचं होतं. ती सायकल धरून उभी होती.

"आवं, पिऊन यायचं तर या," ती म्हणाली. "पर मागं बसायचं तर शुद्धीत बसावं लागतंय. मी बसलीया, मला ठावं हाय."

तो आत गेला. ती क्षणभर थांबली आणि पाटी मागे बांधून एकटी निघून गेली. मी त्याला शिव्या घालत चार कोस चालवत आणला.

त्याच्या पुढच्या शनिवारी तो गुत्त्यासमोर आला, उभा राहिला, आणि कॅरिअरवर जाऊन बसला. त्या संध्याकाळी अंधार पडायच्या आत तो माझ्याकडे आला. अंगाला दारूचा वास नव्हता, तोंड मात्र पांढरं पडलं होतं. मला वाटलं पुन्हा पडला. पडला नव्हता. ओढ्याच्या उतारावर धोंडुबाईने ब्रेक जरा उशिरा लावला होता, एवढंच झालं होतं. पुढचं काही दिसत नाही, हातात काही नाही, चालवणारा नेईल तिकडे जायचं, असं तो सांगत होता. हळू चालव म्हणून ओरडलो तर ती मागं वळूनसुद्धा बघेना म्हणाला. मी त्याला पाणी दिलं.

"दादा," तो म्हणाला, "ती दर शनवारी असंच बसत व्हती?"

मी म्हणालो, "व्हय. आन् तू प्यालेला असायचास."