पहिल्या पाण्याचा मान

"अँजायना पेक्टोरिस," डॉक्टर म्हणाले आणि बांच्या कार्डिओग्रामची पट्टी उजेडाकडे धरली.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून बा माझ्याकडे पाहू लागले. मला शब्द कळला नव्हता. डॉक्टरांनीच सांगितलं: हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अरुंद झाल्यात. रक्त अपुरं पडलं की छातीत कळ येते. थंडीत त्या आणखी आखडतात. कळ आली की गोळी जिभेखाली ठेवायची.

"आणि पहाटे गार पाण्यात उभं राहणं बंद."

बा हसले. आमच्या निर्मळ गावच्या बागायतदाराला हे सांगणं म्हणजे कोळ्याला समुद्राकडे पाठ करून बस म्हणण्यासारखं.

आमचं बावखल, म्हणजे बागेतलं गोड्या पाण्याचं तळं, चार घरांचं सामाईक. रहाट एकच. आजोबांनी खोदायला सुरुवात केली म्हणून पहिल्या पाण्याचा मान आमचा. उजाडण्यापूर्वी बा रहाटाला रेडा जुंपत आणि अनवाणी पाटात उभे राहून केळींना पाणी वळवत.

इस्पितळातून बरे होऊन बा घरी आले आणि पुन्हा पाटात उतरले. पुढच्या हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटताच आम्ही पुन्हा मुंबईच्या त्याच इस्पितळात.

मी बोलत कमी असे, बघत जास्त. पावसाळ्यात तपासणीला गेलो तेव्हा वॉर्डात रिकाम्या खाटा होत्या. आता व्हरांड्यातही खाटा लागल्या होत्या. दूधवाले, गिरणीत पहाटे कामावर जाणारे, सगळे छाती धरून आलेले. मी धीर करून डॉक्टरांना विचारलं.

"दर थंडीत असंच," ते म्हणाले. "कडक उन्हाळ्यातही थोडे वाढतात."

भरती-ओहोटीबद्दल बोलावं तसं ते बोलले. मला राग आला. वारा आपल्या हातात नाही, पण पाटात केव्हा उतरायचं हे काही वाऱ्याने ठरवलेलं नाही.

घरी आल्यावर बांना म्हटलं, "ऊन चढल्यावर पाणी लावू."

"पहिलं पानी सोडलं की घर संपलं म्हनतील."

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर चुलतकाका आणि बाकीचे वाटेकरी बावखलापाशी बोलत उभे होते. माणसांत माझा आवाज फुटत नसे. तरी मी पुढे गेले.

"काका, पहिलं पाणी तुम्ही घ्या. आम्ही शेवटचं घेऊ."

"बांद्र्याच्या शाळेत केळी पन शिकवतात काय?" काका म्हणाले. सगळे हसले. "उन्हात पानी लावलंस तर मुळं उकडतील, मडम!"

"उकडू देत."

काकांचं हसणं थांबलं. "बाला विचारलंस?"

"नाही."

"बा हयात असताना तू मान सोडतेस?"

"हयात राहावेत म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी अंधारात काकांनी रेडा जुंपला आणि रहाट कुरकुरला. बा दचकून उठले. मी दाराला पाठ लावून उभी होते.

"लाज घालवलीस."

"हो," मी म्हटलं आणि दारातून हलले नाही.

आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. पण ऊन चढलं की गळ्याला मफलर गुंडाळून, मी आणलेले रबरी बूट घालून पाटात उतरत. वाटेवरून कोणी ना कोणी ओरडे, "काय साहेब, झोप झाली?" बा मान वर करत नसत. मी मात्र ओरडणाऱ्याकडे रोखून बघे. केळींची मुळं काही उकडली नाहीत. केळ्यांचे लोंगर नेहमीसारखेच धरले.

तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर गोळ्या द्याच, पण त्याचा पहाटेचा गारवा कोणत्या हट्टात दडलाय तेही शोधा. लोक बोलतील. बोलू द्या.

पुढच्या थंडीत आम्ही फक्त तपासणीला गेलो. व्हरांडा पुन्हा भरला होता. वॉर्डातल्या परिचारिकेने बांना स्वतःच्या पायांवर चालत येताना पाहिलं.

"अरे, तुम्ही! तुमची खाट दुसऱ्याला दिली हो."

बांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"राहू दे, बाय," ते म्हणाले. "तो मान पन सोडला मी."