डालगं उचलल्यावर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, "आज कोंबडी मी आणणार," असं मामींना मोठ्या तोंडानं सांगून मी निघालो. मामी म्हणजे येडशीत ज्यांच्या पडवीत मी राहायचो त्या. मी चौथीतून शाळा सोडलेला, पार नागपूरहून स्टेशनवर पाणी भरायला आलेला. आल्या आल्या तापानं पडलो, तेव्हा याच बाईनं पोटच्या पोरासारख्या कण्या भरवल्या होत्या. आता श्रावण संपला होता. एकदा तरी मामा-मामींना आपण जेवू घालावं, एवढंच मनात होतं.

गावाबाहेरच्या वस्तीवर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. उकिरड्यावर, गोठ्यात, बाभळीखाली, जिकडं बघावं तिकडं कोंबड्याच. जीव भांड्यात पडला. दारातल्या म्हातारीला म्हटलं, "आजी, एक कोंबडी द्या."

"आता? डालगी उचलली की रं!"

मला काही कळेना. "पण ह्या एवढ्या फिरतायत..."

"फिरत्यात. पर सांजंपातुर त्या कुणाच्याच न्हायत. घावली तर घे."

ही चेष्टा की परवानगी? आमच्याकडं बाजारात पाय बांधलेली कोंबडी मिळायची. मी एका तांबडीमागं धावलो. ती बोरीत शिरली, मागोमाग मीही.

"ए पाव्हणं, ती आमची हाय!" शेजारची बाई ओरडली.

आत्ता तर कुणाचीच नव्हती! मग आजीची कुठली? आजी हसून हसून खाली बसली होती.

फाटका सदरा घेऊन घरी आलो. मामींनी पाट्यावर मसाला वाटून ठेवलेला. मी म्हटलं, "मामी, कोंबड्या आहेत, पण मिळत नाहीत."

त्या बघतच राहिल्या. मग पदर तोंडाला. "अरं लेकरा, रातच्याला डालग्याखाली झाकलेली काढून घ्यायची असती कोंबडी. सकाळी सोडल्यावर कुणाच्या बापाला घावतीय? इचारायचं तरी!"

दिवस मावळताना त्याच माझ्यासोबत आल्या. कोंबड्या आपापल्या दारात आपणहून परतत होत्या. आजीनं डालगं, ती उपडी घातलेली टोपली, जराशी उचलली, आत हात घातला अन् एक काढून माझ्या हातात दिली. कोंबडी ओरडलीसुद्धा नाही.

पैसे माझे, पण रांधलं मामींनी, वाढलंही मामींनीच. काळीज माझ्या ताटात पडलं.

"हे मामांना..."

"गप खा. किती वाळलायस."

मी काळीज बोटांत धरून बसलो. जेवण मी घातलं होतं ना?