ग्रहणाचा आळ

ललिता अमरावतीच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तिची पीएच.डी. हृदयाची घडण आणि मायक्रोआरएनए या विषयावर. जिभेला हाड नाही, म्हणून स्टाफरूममध्ये तिच्याशेजारची खुर्ची बहुधा रिकामीच.

शेंदूरजनाघाटला तिच्या भावाला, मनोजला, मुलगी झाली. दूध पिताना बाळाला घाम फुटे, धाप लागे. डॉक्टर म्हणाले, हृदयात छिद्र आहे. ललिता माहेरी पोचली तेव्हा आई जयवंता निकाल देऊन बसली होती. गुन्हेगार सून, आचल.

"गिऱ्हानात वांगं चिरलं हिनं. म्या डोयानं पाह्यलं. त्याच पापाचं फळ हाय हे पोरगी."

आचल खाली मानेनं बाळाला थोपटत होती. मनोज मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलेला.

ललिता दारातूनच कडाडली, "गिऱ्हान सातव्या महिन्यात होतं. हृदयाचे पडदे दुसऱ्या महिन्यातच बनून जातात!"

"मंग कशानं झालं?"

ललितानं सांगितलं, तेही दातओठ खात. हृदय घडताना पेशीत सारखे निरोप फिरतात, हे बनवा, ते बनवा. नको ते निरोप वेळेवर दाबून टाकणारे बारीक रेणू म्हणजे मायक्रोआरएनए. दाबण्यात कमीजास्त झालं, तर पडदा अर्धवट राहू शकतो. पुढं मोठेपणी काहींचं हृदय जाड होतं, त्यातही या रेणूंचा हात असतो.

"म्हंजे या पोरीचं तेच झालं?"

ललिता अडखळली. "तसं नक्की नाही सांगता येत. कारणं लय असतात."

जयवंता फिसकन हसली. "इतकी शिकली अन् तुलेबी माहीत नाही. मंग काहून भुकून राहिली?"

"माहीत नाही, तं माहीत नाही म्हनतो आमी. तू तं सारा दोष सुनेच्या गळ्यात बांधून मोकळी झाली!"

जयवंतानं तिची पर्स अंगणात भिरकावली. "निंग माह्या घरातून!"

ललिता वळली, तशी आचल बाळाला घेऊन उठली. "ताई, मीबी येतो."

"कुठं चालली?" मनोजनं आता मान वर केली.

"जिथं माह्या लेकीले पापाचं फळ म्हनत नाही, तिथं."

नागपूरला ऑपरेशन झालं, पोरगी वाचली. नवस पावला, असं जयवंतानं गावभर सांगितलं. त्यावर ललितानं फोनवर जे ऐकवलं, ते लिहिण्यासारखं नाही. मायलेकी अजून बोलत नाहीत. मनोज रविवारी अमरावतीला ललिताच्या घरी येतो. आचल त्याला चहा देते, बाळ मांडीवर देते. बॅग मात्र भरत नाही.