बाबांनी कापलेले दोन गुण

आमच्या बाबांना, म्हणजे कणकवलीच्या हरिश्चंद्र मसुरकर सरांना, क्रूझवर न्यायची बुद्धी मला कुठून झाली, ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्यांनी तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. सगळी वर्षं गुण देताना हात आखडता. निबंधाला दहापैकी सात मिळाले तर मुलं घरी पेढे न्यायची. आठ मिळालेला मुलगा पुढे दोन वर्षं शाळेत ओळखला जायचा. नऊ कोणालाच नाही, आणि दहाचा तर प्रश्नच नाही. "पैकीच्या पैकी मी रवळनाथाकसुद्धा देवचंय नाय," असं ते ग्रामदेवाचं नाव घेऊन भर वर्गात सांगायचे. मी त्या वर्गात तीन वर्षं बसले, सर्वात जास्त गुण मिळवले, आणि तरी दर निकालाला घरी येऊन रडले. तेव्हा त्यांचा हा आखडता हात मला चांगलाच ठाऊक आहे.

मी नोकरीमुळे पुण्यात असते. ऑफिसमधल्या मैत्रिणींबरोबर तीनदा बोटीवर जाऊन आले, त्यामुळे कंपनीनं मला सोनेरी सभासद केलं. आईबाबांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली तेव्हा मी पाच रात्रींची सफर ठरवली. मुंबईहून गोवा, तिथून कोची आणि परत मुंबई.

बाबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "कणकवलेहून गोव्याक जावक आधी मुंबैक कित्याक जावक व्हया गो?"

प्रश्न चोख होता. म्हणून मी चिडून म्हटलं, "बाबा, प्रश्न नंतर. आधी बॅग भरा."

गोंधळ बंदरावरच सुरू झाला. सोनेरी सभासदांची रांग वेगळी, दहा माणसांची. बाकीच्यांची रांग मात्र मंडपाबाहेरपर्यंत गेलेली. बाबा जाऊन लांब रांगेत उभे राहिले. मी ओढायला गेले, तर म्हणाले, "ही माणसा आपल्याआधी इली हत." मी कार्ड दाखवलं, नियम सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तिनदा इला की रांग मोडूक मिळता? मग पयल्यांदा येतल्याचो गुन्हो काय?" मी आणि आई वर जाऊन सरबत पिऊन, खोली बघून, तासभर बसलो, तेव्हा ते घामाघूम होऊन आले. त्या सोनेरी सभासदत्वाची मला तेव्हा पहिल्यांदा थोडी लाज वाटली. पण मी ती दाखवली नाही.

आमच्या दोन खोल्या शेजारी शेजारी. त्या सांभाळणारा स्टुअर्ड चाळिशीचा, बारीक, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. त्यानं इंग्रजीत स्वागत केलं, दिव्यांची बटणं दाखवली, आणि बाहेर पडता पडता आईचं वाक्य त्याच्या कानावर पडलं. आई बाबांना विचारत होती, "अवो, ह्या गादयेवर पाय धुवन चढूचा की तसाच?"

तो दारात थबकला. "तुमी खयचे?"

लवू त्याचं नाव. तळेऱ्यावरून विजयदुर्गाकडे जाताना आत त्याची वाडी. घरी बायको पूजा आणि पाचवीतली मुलगी. नऊ महिने झाले घर सोडून. गोव्याला जाणारी बोट दर आठवड्याला त्याच्या गावासमोरून जाते. "दिसना काय नाय," तो म्हणाला, "पण माका बरोबर कळता. सकाळी थोडो वेळ त्या बाजूच्या खिडकेत उबो रवतंय." मग घाईघाईनं म्हणाला, "कायपण लागला तर माका सांगा हां."

त्या दिवसापासून आमची माणसं आणि लवू यांच्यात जे सुरू झालं, त्याला सेवा म्हणायचं की कुस्ती, मला कळत नव्हतं. बाबा पाचला उठणार, चादरीच्या घड्या घालणार, न्हाणीघर पुसणार. लवू साडेआठला येणार आणि रिकाम्या हातानं उभा राहणार. "सर, तुमी असा केल्यात तर माका काम काय रवला?" आई त्याला घरून आणलेला खाजा द्यायची. आणि त्यानं टॉवेलची घडी घालून पलंगावर ठेवलेला हत्ती? त्याला आईनं गणपती ठरवून टाकलं. मेजावर पूर्वेकडे तोंड करून बसवला. तो मोडायचा कसा? दोघांनी दोन दिवस एकाच पंच्यानं अंग पुसलं. मला कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. लवूनं मात्र आणखी चार टॉवेल आणून ठेवले, सरळ घडीचे.

बाबांच्या गुडघ्याला पायऱ्यांचा त्रास आहे हे त्यानं न सांगता ओळखलं. रोज सकाळी चहाबरोबर गरम पाण्याची पिशवी यायची. आईला रात्री उकडीच्या भाताची पेज लागते म्हणून स्वयंपाकघरात कोणाच्या तरी हातापाया पडून त्यानं ती मिळवली. हे त्याच्या कामात बसत नव्हतं.

गोव्याला बोट लागली तेव्हा कंपनीच्या बसनं आम्हाला फिरवलं. एका बागेत वाटाड्यानं सगळ्यांना झाडाखाली गोळा केलं आणि मोठ्या कौतुकानं सांगितलं की हे काजूचं झाड. दिल्लीची मंडळी फोटो काढायला धावली. बाबांनी झाडाला दोनदा प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "वेंगुर्ला चार की सात?" ती काजूच्या जातींची नावं; वाटाड्याला कळली नाहीत. आमच्या गावच्या जमिनीत काजूची साठ झाडं आहेत. ती सोडून, मुंबईला जाऊन, समुद्रातून परत येऊन आम्ही काजूचं एक झाड बघत होतो. "समाजना नाय," बाबा बसमध्ये बसताना म्हणाले, आणि तेव्हा मलाही खरं तर समजत नव्हतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पलंगावर एक छापील कागद आला. जेवण, करमणूक, स्वच्छता, स्टुअर्डची सेवा, प्रत्येकापुढे एक ते दहा आकडे. बाबांचा चेहरा उजळला. चार दिवसांत बोटीवरची पहिली गोष्ट त्यांना कळली होती! त्यांनी मेज मोकळं केलं, पेन काढलं आणि तासभर बसले. जेवणाला सहा. गाण्याबजावण्याला चार, "आवाज फार". लवूच्या ओळीपाशी ते बराच वेळ थांबले. मग आठावर गोल केला आणि खाली इंग्रजीत लिहिलं, उत्तम, प्रगतीस वाव आहे. कागद स्वतः जाऊन पेटीत टाकून आले.

वाटेत त्यांना लवू भेटला. बाबांना राहवेना. "लवू, तुका मी आठ दिलंय हां!" ते म्हणाले. निकालाच्या दिवशी वर्गात शिरताना त्यांचा आवाज असाच व्हायचा.

लवूचा चेहरा पडला. लगेच त्यानं सावरला. "बरा झाला, सर," म्हणाला आणि गाडी ढकलत निघून गेला.

तेहतीस वर्षं मुलांचे चेहरे वाचलेला माणूस. त्यांना ते दिसलंच. खोलीत येऊन त्यांनी मला विचारलं, "आठ कमी झाले की काय गो?"

मी सांगितलं. आधी सांगायला हवं होतं, पण माझं लक्ष नव्हतं, मी सोनेरी सभासदांच्या चहापानाला गेले होते. इथं दहा म्हणजे पास. नऊ चालून जातात. आठ म्हणजे तक्रार, आणि ती थेट वरच्या साहेबाकडे जाते. लवूचा करार याच सफरीला संपत होता. पुढच्या बोटीवर आधी कोणाला बोलवायचं, ती यादी याच आकड्यांवर ठरते.

बाबांनी शांतपणे ऐकलं. "मग एक ते सात आकडे छापले कित्याक?"

"मला नाही माहीत, बाबा."

"सगळ्यांकच दहा, तर तेका परीक्षा म्हणतत?"

"मला नाही माहीत!" मी ओरडलेच. मला त्यांचा राग आला होता. त्यांच्या त्या आखडत्या हाताचा. तो अजून तसाच होता, आणि आता तो एका परक्या माणसाच्या पोटावर पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला लवू आला. आज पलंग तसाच विस्कटलेला होता. बाबा खुर्चीत बसले होते. लवूनं दार हळूच लोटलं आणि हात मागे बांधून उभा राहिला, शिक्षकांच्या खोलीत बोलावलेल्या पोरासारखा.

"सर, रागावू नकात. सायबान माका विचारल्यान, खयची चूक झाली म्हणान. माका लिवन देवचा आसा. माजा खंय चुकला ता सांगशात? दोन गुण कित्याक कापल्यात?"

शाळेत बाबांचा एकच नियम होता, आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. गुण कापला तर कारण सांगता आलं पाहिजे. पालक तावातावानं यायचे, बाबा उत्तरपत्रिका पुढे करायचे आणि बोट ठेवायचे: इथं अर्धा, इथं एक. माणूस गप्प होऊन परत जायचा. माझीही उत्तरपत्रिका त्यांनी अशीच माझ्यापुढे ठेवली होती आणि मला एका अक्षरानं भांडता आलं नव्हतं.

बाबांनी तोंड उघडलं. खोलीभर पाहिलं. पलंग, मेज, टॉवेलचा गणपती, गरम पाण्याची पिशवी. ते शोधत होते. मी बघत होते ना, खरोखर शोधत होते. पाच दिवसांतली एखादी उशिरा आलेली चहाची किटली, एखादा विसरलेला साबण.

"काय चुकूक नाय रे," शेवटी ते म्हणाले.

"मगे?"

बाबांनी मेजावरचं पेन उचललं आणि परत ठेवलं. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच असं बघितलं. लवू वाट बघत उभा राहिला, मग त्याला त्यांचीच दया आली असावी. "जावंद्यात, सर," म्हणाला आणि चादर ओढायला वाकला.

बाबा उठले आणि सरळ खाली स्वागतकक्षाकडे निघाले. गुडघ्याची पर्वा न करता पायऱ्या उतरले. मी मागे धावले. तिथल्या मुलीला ते त्यांच्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाले की त्यांची तपासणी चुकली आहे, कागद परत द्या. ती गोड हसली. कागद काल रात्रीच आत गेले, आकडे भरून झाले, यादी ऑफिसला पोचली. आता काही बदलत नाही. तुम्हाला सेवेत काही अडचण आली का, असं तिनं काळजीनं विचारलं. बाबा म्हणाले, "नाही. हेच तर सांगतोय." ती पुन्हा हसली.

मग त्यांनी कोरा कागद मागून घेतला आणि उभ्यानं लिहिलं: स्टुअर्ड लवू यांच्या कामात मला एकही चूक आढळली नाही. आठ हा आकडा परीक्षकाची चूक आहे. दहापैकी दहा. खाली पूर्ण नाव, सही, तारीख. मुलीनं कागद घेतला, धन्यवाद म्हटलं आणि बाजूच्या ट्रेमध्ये ठेवला. त्या ट्रेमध्ये हरवलेल्या चष्म्यांच्या चिठ्ठ्या होत्या. मी ते बाबांना सांगितलं नाही.

शेवटच्या सकाळी मुंबईला उतरताना कर्मचारी जिन्यापाशी ओळीनं उभे होते. पांढरे हातमोजे, सारखंच हसू. लवूच्या शेजारी त्याचा साहेब. प्रवाशांची रांग भराभर पुढे सरकत होती, आणि बाबा मध्येच थांबले. मागचे लोक अडले, कोणीतरी चुकचुकलं. ज्या माणसानं जन्मात रांग मोडली नाही, त्यानं ती अडवून धरली.

"लवू," बाबा मोठ्यानं म्हणाले, आधी शुद्ध मराठीत आणि मग साहेबाला कळावं म्हणून इंग्रजीत, "तुझ्या कामात चूक नव्हती. दोन गुण मी उगीच कापले. चूक माझी." आणि त्यांनी हात जोडले.

मला रडू फुटत होतं. लवूनं त्यांच्याकडे पाहिलं, क्षणभर मला वाटलं की तो वाकणार, पाया पडणार, मालवणीत काहीतरी बोलणार. त्यानं एकदा साहेबाकडे बघितलं. मग तो छान हसला, अगदी पहिल्या दिवशी हसला होता तसा, आणि म्हणाला, "थँक्यू सर. हॅव अ नाइस डे."

रांग पुढे सरकली. आम्ही बाहेर आलो. आई बॅगा मोजत होती. बाबा बंदराच्या कट्ट्यावर बोटीकडे तोंड करून बसले. मी पाण्याची बाटली दिली तर ती हातात तशीच धरून ठेवली.

"गौरजा," ते म्हणाले, "तो हसलो, ता बघलंस मा?"

"बघितलं, बाबा."

"ता खरा होता काय गो?"

मी त्यांच्या शेजारी बसले. तीनदा बोटीवर जाऊन आलेली मी, मला ते सांगता यायला हवं होतं.