ठिपका भिंतीपलीकडे

माणूस कुठं उभा आहे हे बघायला देवानं डोळे दिलेत. आमच्या जुन्नरच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसला ते पुरेनात. मी तिथली सुपरवायझर, हॉलमध्येच उभी असते. तरी बायका कुठं आहेत हे मी पडद्यावरच्या ठिपक्यांवरून बघावं, असं मालकांच्या मनात आलं.

आधी फोनचं वाय-फाय लावून बघितलं. फोन आमच्याकडे गेटवरच जमा होतात. त्यामुळे पडद्यावर अख्खी पाळी दिवसभर गेटवर! मग ब्लूटूथचे बिल्ले आले. ते चार हात इकडेतिकडे होणारच, असं पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनंच सांगितलं. तिसरी यंत्रणाही बिल्ल्यांचीच, पण महागाची, वीतभरसुद्धा चुकत नाही म्हणे. दसऱ्याला नारळ फोडून चाचणी घेतली. नाही चुकली. चुकेल कशी? शेड रिकामी होती आणि बिल्ले गळ्यात होते.

हंगामात रसाळ द्राक्षांच्या क्रेटची थप्पी छताला लागली. मालावर काही लोंबू नये म्हणून बायकांनी बिल्ले कमरेला खोचले, वरून ॲप्रन. निरगुडसरहून टेम्पोनं येणाऱ्या मावशींचं टेबल शेवटचं, भिंतीला लागून. भिंतीपलीकडे बायकांचा संडास. मध्ये रसानं भरलेला माल आणि माणसाचं अंग आलं की बिल्ल्याची लहर अडते, आणि पडद्यावरचा ठिपका भलतीकडे सरकतो. आता कळलं ना, घोडं कुठं पेंड खातंय ते?

जेवणाच्या सुट्टीत मॅनेजरसाहेबांनी सगळ्या गड्यांपुढं विचारलं, "मावशी, अर्धा दिवस संडासात काय करता?"

पन्नाशीच्या बाईला हे विचारतात! मावशींचा चेहरा पडला.

"साहेब, मी टेबलावरच व्हते. मॅडमना इचारा."

त्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या, मी सांगितलं. साहेबांनी पडदा माझ्याकडे वळवला. तेव्हा मी तावातावानं मावशींचा बिल्ला कमरेला खोचला आणि त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. पडद्यावर मीही संडासात!

पडद्यापाशी बसलेला इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, सरासरी काढली तर तिन्हींत हीच अचूक आहे."

ती सरासरी काय चाटायची आहे? साहेब म्हणाले, "बरं बरं, विषय संपला." मावशींची माफी मात्र कुणी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर आल्या, कात्री घेऊन घडातले खराब मणी काढत राहिल्या. दुपारी मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तर त्यांनी मान हलवली.

"नको मॅडम. पानी पिलं की जावं लागतं. आता घरी गेल्यावरच पिते मी."